सामाईक खोलीचा कागद



बारावीचा निकाल लागला, प्रवेश झाले की आपल्या पाथर्डीच्या एसटी स्टँडवर ठरलेलं चित्र दिसतं. एका हातात चाकाची बॅग, दुसऱ्या हातात गादीची वळकटी, आईच्या काखेत डब्यांची पिशवी. मुलगी खोली करून राहायला निघालेली असते. कुणी नगरला कॉलेजला, कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, कुणी सुप्याच्या नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. वसतिगृहात नंबर लागला नाही की तीन-चार जणी मिळून खोली घेतात. आपण पिशवीत शेंगदाण्याची चटणी देतो, बाजरीचं पीठ देतो, लोणचं देतो. आज मी एवढंच सांगायला आलेय, की त्या पिशवीत एक कोरा कागदही द्या. कशासाठी, ते ऐका.

आधी माझंच सांगते. बीएला असताना मी नगरला होते. सावेडीत आम्ही तिघींनी खोली केली. त्यातली एक माझ्याच गावची, पाचवीपासून एका बाकावर बसलेली. भाडं १५०० रुपये, म्हणजे प्रत्येकी ५००. अनामत ३०००, प्रत्येकी १०००. गॅसची टाकी तिच्या घरची, शेगडी माझी, भांडी तिघींची मिळून. सगळं तोंडी ठरलं. लिहून ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मैत्रिणींत कसला कागद?

जानेवारीत तिचं लग्न ठरलं. आठ दिवसांत तिचे वडील टेम्पो घेऊन आले. जाताना तिनं अनामतीचे १००० मागितले. ते आमच्याकडे कुठले? मालकीणबाईंकडे होते, आणि त्या खोली रिकामी झाल्यावरच देणार होत्या. तिचा वाटा आम्हा दोघींवर पडला. फेब्रुवारी ते एप्रिल, महिन्याला ५०० ऐवजी ७५०. परीक्षा तोंडावर, मधल्या महिन्यात तिसरी मुलगी मिळेना. टाकी तिची, ती तर गेलीच. आम्ही उरलेले दिवस रॉकेलच्या स्टोव्हवर काढले. मनात इतका राग होता, की मी तिच्या हळदीलाही गेले नाही.

दहा-बारा वर्षांनी ती मला तिसगावच्या बाजारात भेटली. बोलता बोलता तो विषय निघाला. तिच्या हिशेबानं मी तिचे १००० रुपये ठेवून घेतले होते. माझ्या हिशेबानं तिच्याकडे तीन महिन्यांचे १५०० निघत होते, अनामत वजा केली तरी ५०० बाकी. इतकी वर्षं ती मला लबाड समजत होती आणि मी तिला. खरं तर दोघीही खरंच बोलत होतो. मध्येच कुणी सोडून गेलं तर काय करायचं, हे आमचं कधी ठरलंच नव्हतं. मग ज्याला जे योग्य वाटलं, तेच त्यानं ठरलेलं धरलं.

आता आपल्या गटाकडे या. दहा-बारा जणी महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत टाकतात. बैठक होते, हजेरी लागते, बचत वहीत चढते, कुणाला कर्ज दिलं की ठराव होतो, सचिव तो वाचून दाखवते आणि मग सह्या-अंगठे होतात. हप्ता चुकला तर दंड किती, तेही गट सुरू होतानाच ठरतं. माझ्या नावापुढं दंड लिहिला म्हणून तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असं कधी कुणी म्हणतं का? नाही म्हणत. कारण दंड ठरला तेव्हा तो कुणाला पडणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, सगळी गोम इथंच आहे. जूनमध्ये आम्ही तिघींपैकी कोण आधी खोली सोडणार हे आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा नियम केला असता तर तिघींनाही पटेल असाच केला असता. जानेवारीत ते माहीत झालं होतं. मग जी सोडून जाणार तिला एक नियम बरा वाटला आणि ज्या राहणार त्यांना दुसरा. म्हणून कागद जूनमध्ये लिहायचा असतो, जानेवारीत नाही.

एकत्र वापरायच्या गोष्टीला नियम लावणं आपल्याला नवीन नाही. भावाभावांत विहीर सामाईक राहिली की वाटणीच्या कागदात पाण्याची पाळी लिहितात. आपल्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार घ्या. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हे त्यांनी ग्रामसभेत ठरवलं आणि पाळलं. मुंबईत धोबी तलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथं गोव्यातल्या गावांच्या खोल्या आहेत, त्यांना कूड म्हणतात. जहाजावर कामाला जाणारी, मुंबईत नोकरी शोधायला आलेली गावची माणसं तिथं उतरायची. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, थोडकं भाडं, संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. इतकी माणसं थोड्या जागेत राहिली ती नियमांवरच.

आता आपल्या मुलींच्या खोलीचं बघू. इथं कागद दोन असतात, आणि लोक त्यात घोळ करतात. पहिला घरमालकाबरोबरचा भाडेकरार. दुसरा मुलींचा आपसातला.

पहिल्या कागदाबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्यानं दिलं किंवा लिव्ह अँड लायसन्सवर दिलं, तर करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे समोरच्यानं सिद्ध करायचं. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी लागतेच. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. खर्च कोण देणार ते आधी विचारून घ्या.

या करारात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. नावं कुणाची आहेत? आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी पुण्याला चौघींत राहत होती. भाडं चौघी देत होत्या, पण करार एकीच्याच नावावर. त्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ती गेली, आणि मालक बाकीच्या तिघींना म्हणाला, "तुम्ही कोण? माझ्याकडे तुमचं नाव नाही." पंधरा दिवसांत तिघींना खोली शोधावी लागली. त्यातल्या एकीला घरच्यांनी परत बोलावून घेतलं. तिचा क्लास तिथंच सुटला. भांडण भाड्याचं असतं, पण आपल्याकडं त्याची किंमत मुलीचं शिक्षण देतं. "रूमवर असले तमाशे होतात, मग घरीच बस," हे वाक्य किती घरांत ऐकलंय मी! म्हणून राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात घाला. मालक पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देतो, त्यातही सगळ्यांची नावं असू द्या.

नाव असण्याचा अजून एक फायदा आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. भाड्यानं राहत असल्याचा पुरावा मुलीच्या नावाचा असला की अर्ज अडत नाही. नोकरी करणाऱ्या मुलींनी केंद्र सरकारच्या सखी निवासचीही चौकशी करावी.

आता दुसरा कागद, मुलींचा आपसातला. याला नोंदणी लागत नाही. साध्या कागदावर लिहून सह्या केल्या तरी चालतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याप्रमाणे करार करणारी व्यक्ती १८ वर्षं पूर्ण झालेली हवी आणि तिची खुशी हवी, दबाव नको. मुलगी १७ ची असेल तर तिच्या सहीनं ती कायद्यानं बांधली जात नाही. म्हणून तिथं आई-वडिलांनीही सही करावी. दोन-चार हजारांसाठी कुणी कोर्टात जात नाही, हे मलाही कळतं. या कागदाचा उपयोग कोर्टासाठी कमी आणि जानेवारीसाठी जास्त आहे. वाद निघाला की तो काढून वाचायचा.

त्यात काय लिहायचं? एकेक घेऊ.

पैसा. भाडं किती, कुणाचा वाटा किती, कोणत्या तारखेपर्यंत कुणाकडे जमा करायचं, मालकाला कोण देणार. एकीला मोठी खोली आणि दुसरीला हॉलमध्ये गादी असेल तर वाटा सारखा का? ते बोलून घ्या. पैसे फोनपेनं दिले तर "जुलैचं भाडं" असं लिहून पाठवा, रोख दिले तर पावती घ्या. लाईट बिल सारखं वाटायचं की इंडक्शन वापरणारीनं थोडं जास्त द्यायचं, तेही ठरवा. गॅस कुणाचा हे तर नक्की लिहा. माझ्यावर ती वेळ आलेली आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तो सामाईक पैशातून घेतला तर कुणी घेऊन जाण्याचा प्रश्नच राहत नाही.

अनामत. सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरून. कुणी किती दिली ते लिहा आणि मालकाच्या पावतीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशीच भिंती, नळ, पंखा, बेसिन, दारं यांचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. सोडताना मालक म्हणाला, बेसिन तुम्ही फोडलं, तर दाखवायला काहीतरी पाहिजे. जे जिच्याकडून फुटलं ते तिनं भरायचं, कुणाकडून फुटलं ते कळलं नाही तर सगळ्यांनी.

सोडून जाणं. एक महिना आधी सांगायचं. नाहीतर बाकीच्यांना पटेल अशी दुसरी मुलगी आणून द्यायची, म्हणजे तिच्या अनामतीतून जुनीची परत देता येते. अचानक गेली तर तिच्या अनामतीतून एक महिन्याचा वाटा कापायचा, उरलेले किती दिवसांत द्यायचे तेही लिहायचं. आजारपण, घरात मयत झाली, असं काही घडलं तर कापायचं नाही. आणि एक वाक्य माझ्या आग्रहानं लिहा. खोलीत किंवा मालकाकडून कुणी त्रास दिला म्हणून मुलगी निघाली, तर तिला कसलाच दंड नाही. पैशापायी मुलीनं त्रासात राहू नये.

काम. पाणी भरणं, झाडू, संडास-बाथरूम, कचरा, स्वयंपाक. "सगळ्या मिळून करू" असं लिहू नका. त्याचा अर्थ जिला घाण बघवत नाही ती करते. वार लावा. परीक्षेच्या आठवड्यात अदलाबदल करायची आणि नंतर फेडायची. कंपनीत पाळी असेल तर तेही लिहा. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळी झोपणार, तेव्हा मोबाईलचा आवाज नको. गिरणगावातल्या खोल्यांत असंच चालायचं, रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा आणि त्याच्या जागी दिवसपाळीवाला रात्री.

खाणं. हा विषय आपण टाळतो आणि नेमका तोच जिव्हारी लागतो. एकजण अंडी-मटण खाते, दुसरीच्या घरी चालत नाही. एकीचा गुरुवार, दुसरीचे रोजे. आधी बोला. कोणत्या भांड्यात काय शिजवायचं, कोणत्या दिवशी नको, हे दोघींनी मिळून ठरवावं. पण भांडं वेगळं ठेवणं ही सोय असावी, हिणवणं नसावं. "तुझा पेला तिकडं ठेव," असं मुलीच्या जातीकडं बघून कुणी म्हणत असेल, तर त्याला नियम म्हणायचं नाही आणि त्यावर सहीही करायची नाही.

पाहुणे आणि सुरक्षा. कुणाचा भाऊ आला, आई आली, तर किती दिवस? मुक्कामाला पुरुष पाहुणा चालेल का? रात्री उशीर होणार असेल तर कुणाला फोन करायचा? चावी किती जणींकडं? प्रत्येकीच्या घरचा एक फोन नंबर भिंतीवर नाही, कपाटाच्या आत लावा. एक मात्र सांभाळा. हे नियम एकमेकींना मदत म्हणून आहेत, पाळत म्हणून नाहीत. कोण कुणाशी फोनवर बोलते याची खबर घरी देणं हे रूममेटचं काम नाही.

भांडण झालं तर. आधी तिघी बसून कागद वाचा. नाही मिटलं तर तिघींना मान्य असलेली एक मोठी बाई आधीच ठरवून ठेवा, कॉलेजच्या बाई, नाहीतर कुणाची मावशी. मालकानं अनामत बुडवली किंवा त्रास दिला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. फोन नंबर १५१००. अडचणीत महिला हेल्पलाईन १८१.

हे सगळं लिहायचं म्हणजे दहा पानं नकोत. एक पान पुरतं. नमुना वाचते, लिहून घ्या.

"आम्ही तिघी दिनांक ... पासून ... येथील खोलीत एकत्र राहत आहोत. भाडं ६००० रुपये, प्रत्येकी २०००, दर महिन्याच्या ५ तारखेला. अनामत १२०००, प्रत्येकी ४०००, पावतीची प्रत तिघींकडे आहे. लाईट बिल आणि गॅस समान वाटून. खोली सोडायची असल्यास एक महिना आधी सांगू किंवा दुसरी मुलगी आणून देऊ. न सांगता सोडल्यास २००० वजा करून उरलेली अनामत महिनाभरात परत. आजारपण, घरातलं दुःख किंवा त्रास झाल्यामुळे सोडल्यास काही वजा नाही. सामाईक वस्तूंची यादी मागे लिहिली आहे, सोडताना ती त्याप्रमाणे वाटू. कामाचे वार सोबत लावले आहेत. पाहुणे दोन रात्रींपर्यंत, बाकीच्यांना विचारून. हा कागद दर तीन महिन्यांनी वाचू आणि तिघींच्या संमतीनं बदलू." खाली नावं, सह्या, तारीख. तीन प्रती, प्रत्येकीकडे एक.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मुली काय म्हणतील? आई अविश्वास शिकवतेय म्हणतील. तर त्यांना गटाची वही दाखवा. इतकी वर्षं एकमेकींना कर्ज देऊनही आपण एकमेकींच्या दारात जातो, बारशाला जातो, ते त्या वहीमुळं. आणि अजून एक. कागद मुलींनीच लिहायचा. आपण आयांनी अटी सांगायच्या नाहीत, लिहून झाल्यावर वाचायचा आणि काही राहिलं असेल तर विचारायचं. त्यांनी स्वतः लिहिलेलं त्या पाळतील. आपण लादलेलं फोन ठेवताच विसरतील.

हाच कागद घरीही चालतो. जावा-जावांच्या चुली वेगळ्या झाल्या पण मीटर एकच राहिलं, गटानं शेवयांच्या मशीनसाठी गाळा घेतला, तिथंही हेच प्रश्न येतात. कोण किती देणार, कोण कधी वापरणार, सोडलं तर काय.

म्हणून पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. ज्यांच्या मुली बाहेर राहतात त्या बायांनी मुलींना फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा. भाडेकरारात तुझं नाव आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी उद्या खोली सोडली तर काय करायचं ठरलंय? दुसऱ्या प्रश्नाला दोन मुलींनी दोन उत्तरं दिली, तर समजा, कागदाची वेळ आहे.

माझी ती मैत्रीण आता बोलते माझ्याशी. त्या दिवशी तिसगावात आम्ही उसाचा रस प्यायलो, पैसे कुणी द्यायचे यावरून हसलो. पण तिच्या हळदीचा दिवस काही परत येत नाही. तुमच्या मुलींवर तशी वेळ येऊ नये, म्हणून एवढं सांगितलं.